शेजारचा शब्द

२ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. फक्त खरं लिहायचं. निमित्त: सासरे दुकानातून निवृत्त होताहेत. पंधरा तारखेला त्यांचा वाढदिवस. त्याच दिवशी या वह्यापेनांच्या दुकानाच्या किल्ल्या 'कुणाच्या तरी' हातात देणार म्हणे. जावई दोनच. मी आणि माझा साडू. मी आठ वर्षं काउंटरवर बसतोय. तो काल-परवा आला आणि येताना स्वतःचे दात घेऊन आला. गिऱ्हाईक दिसलं की बत्तीसच्या बत्तीस बाहेर. मी त्याला दंतमंजन म्हणतो. मनात.

३ मार्च
दुकानात पडून असलेला शब्दकोश सहज उघडला आणि हादरलो. ओळीनं लिहिलंय: साडी, साडू, साडेसाती. (मधे नुसतं 'साडे' आहे, पण तो अर्धवट शब्द, धरला नाही.) साडी म्हणजे ती नेसणारी मेहुणी, ती ओघानं आलीच. पण पुढचे दोन! साडूला लागून साडेसाती! वर्णानुक्रम वगैरे नुसता बहाणा आहे. कोश करणाऱ्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनाही साडू असणार.
एक बाई खोडरबर मागत होत्या. थांबा म्हटलं तर निघाल्या. दंतमंजन रस्त्यापर्यंत पळत जाऊन त्यांना परत घेऊन आला. लाचार माणूस.

५ मार्च, दुपार
'दात' काढला. खाली 'दातखीळ'. म्हणजे पंधराला सगळ्यांसमोर त्याची दातखीळ बसणार, हे छापील आहे. घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, थोडं आणखी खाली 'दाता' पण आहे, भाऊजींनी परवाच शाळेतल्या मुलांना पेन्सिली वाटल्या. बायकोनं असं म्हणावं! मी तिला सांगितलं की शब्दकोश असा वाटेल तिथून वाचायचा नसतो. त्याला पद्धत आहे. ती म्हणाली, मग आमटीत तरी मीठ पद्धतशीर घाला, आज स्वयंपाक तुमचा आहे.

८ मार्च
आज मोठा शोध. 'वारस' उलटा वाचला. सरवा! कोशात अर्थ: कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं. अंगावर काटाच आला. पीक मला, सरवा त्याला. आणखी किती स्पष्ट लिहायचं कोशानं?
संकल्प: उद्यापासून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं.

९ मार्च
गोड बोललो नाही. गिऱ्हाईक त्या लायकीचं नव्हतं. एका शाळेचे हेडमास्तर, दोनशे वह्या हव्या होत्या, पण 'व्हया' म्हणाले. मी उच्चार सुधारून दिला. तीनदा. तर काउंटरच्या दुसऱ्या टोकाला, दातांकडे, निघून गेले. ऑर्डर त्याच्या नावावर. सासऱ्यांनी सगळं पाहिलं, पण मला एका शब्दानं बोलले नाहीत. म्हणजे मूक पाठिंबा.

१२ मार्च
भाषण तयार. बाथरूममध्ये मोठ्यानं म्हणून पाहिलं. दाराबाहेरून ही म्हणाली, पाया पडते, त्या दिवशी काही बोलू नका. म्हणाली, आठ वर्षं बाबांसमोर मला मान वर करता येत नाही. आवाज रडवेला होता. तिला माझ्या वतीनं स्टेजची भीती वाटते आहे. दार उघडलं नाही, कारण शेवटचा परिच्छेद राहिला होता.

१६ मार्च, सकाळ
कालचं आज लिहितोय. काल लिहावंसं वाटलं नाही.
केक कापून झाल्यावर उठलो. साडू आणि साडेसाती यांचं शेजारपण सगळ्यांना समजावून सांगितलं. खूप हसले लोक. सासरेही हसले. मी पाणी प्यायला थांबलो, तर दंतमंजनच ग्लास घेऊन पुढे आला. म्हणाला, अगदी खरं आहे बरं का, मलाही एकच साडू आहे.
त्यावर जास्त हसले. मला समजायला वेळ लागला. तोवर किल्ल्या त्याच्या हातात गेल्या होत्या. मी काहीतरी खणखणीत बोलणार होतो, पण दातखीळ बसली. सासऱ्यांनी मला शब्दकोश दिला. म्हणाले, असू दे तुम्हालाच, तसाही पडून असतो.
ही एकटीच हसली नाही.

१६ मार्च, संध्याकाळ
'साडू' पुन्हा काढला. शेजारचे शब्द बघण्याच्या नादात अर्थ वाचायचा राहूनच गेला होता. 'बायकोच्या बहिणीचा नवरा.' दोनदा वाचला. तो मी नव्हे, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.
हिनं आत्ता सांगितलं की भाऊजी मला काढणारच होते. ही स्वतः जाऊन त्यांच्यापाशी रडली, तेव्हा कुठे हो म्हणाले. काउंटर बंद. उद्यापासून गोदामात, खोकी मोजायला. एवढं सांगून माझ्याकडे न बघता आत गेली.
सवयीनं 'गोदाम' काढलं. शेजारी काय आहे ते न बघताच कोश मिटला.