उतरायची बाजू

जिथे असशील तिथल्या दादास,

तुझ्या रणगाड्याचं छोटं मॉडेल झालं एकदाचं. गंज, काजळी, चिखल, सगळं रंगाने चढवलं. आई म्हणाली, "नवा कोरा नको गं, त्याने वापरलेला दिसू दे."

तू डावीकडून चढायचास. तिथला रंग बुटांनी झिजावा तसा घासून काढला. उतरायचास उजवीकडून, पण ती बाजू तशीच ठेवली. त्या शेवटच्या दिवशी तू उतरलाच नाहीस, असं तुझे सोबती सांगून गेले होते.

आज कपाटाचं कुलूप काढलं, तर उजवीकडचाही रंग झिजलेला. खाली फळीवर चिखल. बोट लावलं, तर ओला.

गुपचूप घराच्या दाराची कडी काढायला गेले, तर आईने ती आधीच काढून ठेवली होती.

तुझी,
चिमणी