यंदाचा एल्क माझा

६ सप्टेंबर
ठरलं. यंदा एल्क, म्हणजे आमच्या डोंगरातलं घोड्याएवढं हरीण, मी मारून आणणार. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी वसंतापर्यंत डोंगर बंद केलाय. बावीस वर्षांत आमच्या घरी दुकानातलं मांस आलेलं नाही, आणि गॅरेजमधल्या फ्रीझरचा तळ दिसायला लागलाय. बाबा दिवसातून दोनदा कुबड्या टेकत जातात, झाकण उघडतात, बघतात, बंद करतात. ते मला बघवत नाही.
जेवताना जाहीर केलं. आई म्हणाली, "तू? तू साधा ट्राउट मासा साफ करताना डोळे मिटतेस." मी शांतपणे सांगितलं, मी पर्यावरणशास्त्राची पदवीधर आहे, या घरातली पहिली. आई म्हणाली, "मग एल्कला दाखव ती पदवी. बघू पडतो का."

१० सप्टेंबर
गाईड ठरवली. मेव्हिस टॉलेफसन, वय बासष्ट. तीन दिवस, घोडे, तंबू. ऐकून बाबांनी जेवणाचा काटा खाली ठेवला. "पोरी, आपल्या माँटानात गाईड टेक्सासवाले घेतात. इथली माणसं नाही." मी म्हटलं, ज्ञान विकत घेण्यात लाज कसली? बाबांनी काटा पुन्हा उचलला. मग म्हणाले, "बरं. पण कोणी विचारलं तर सांग, मावशी आहे."

१४ सप्टेंबर
संकल्प. (१) रोज पहाटे पाठीवर वीस किलो वाळू घेऊन पाण्याच्या टाकीची टेकडी. (२) आठवड्यातून तीनदा नेमबाजी. (३) एकच गोळी, जनावराला वेदना नाहीत. (४) शिकारीनंतर दोन मिनिटं मौन.
चौथ्याची पूर्ण तयारी आहे.

१७ सप्टेंबर
टेकडी एकदा झाली. अर्धी. दोष माझा नाही, पिशवीच्या पट्ट्याचा आहे. चुकीच्या सामानानिशी कष्ट करणं अशास्त्रीय. आधी सामान, मग कष्ट.

२२ सप्टेंबर, सकाळी ६
झोप लागत नाही. पायमोजे मेरिनो लोकरीचे की मिश्र? तीन जोड मागवले, दोन परत करणार. बुटांवर एकूण अकरा तास वाचन केलं. पदवीच्या शेवटच्या परीक्षेला एवढं केलं नव्हतं.

२९ सप्टेंबर
बूट आले. सुंदर. मेव्हिसचा फोन: "आजपासून घाल. शेण काढताना घाल, चर्चला घाल." हो म्हटलं. पण बाहेर चिखल आहे. खोक्यात ठेवलेत.

३ ऑक्टोबर
अंतर मोजायचं यंत्र आलं! डोळ्याला लावायचं, बटण दाबायचं, यार्डात आकडा येतो. उतारसुद्धा धरतं. सोफा ते फ्रिज, साडेचार. बाबांची खाट ते बाथरूम, अकरा. त्यांना सांगितलं. म्हणाले, "ते मला रोज कळतं गं."

५ ऑक्टोबर, रविवार
नेमबाजीला जाणार होते. वारा होता.

१२ ऑक्टोबर, रविवार
आज वारा नव्हता, पण हातमोजे बदलून आणायचे होते. ट्रिगरचं बोट नीट शिवलेलं नव्हतं. दुपार उलटल्यावर परतले तर बाबा टोपी घालून ट्रकमध्ये बसलेले, मांडीवर त्यांची रायफल. आज नेमबाजीच्या रेंजवर मला शिकवायचं त्यांनी मनात धरलं होतं. आई दारातून ओरडली, "जेवणाआधीपासून बसलाय तो तिथे!" मी म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. ते म्हणाले, "हो हो. मी नुसता हवा खात होतो."
उतरायला त्यांना फार वेळ लागला.

१९ ऑक्टोबर, रविवार
सगळे कपडे बिनवासाच्या साबणाने धुतले. एल्कचं नाक फार तीक्ष्ण. दिवसभर तेच चाललं होतं. बाबांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. तसं पाहता नेम ही मुळात मन एकाग्र होण्याची बाब आहे.

२५ ऑक्टोबर, शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस, तंबूत
मेव्हिसने माझी पिशवी उचलून पाहिली. "यात कोण आहे?" मी यादी वाचली. ती म्हणाली, "घोड्याला वाच, उचलायची त्याला आहे." शेवटचे दोन मैल पायी. दोन्ही टाचांना फोड. बूट उत्तमच आहेत, माझ्या टाचा ठरावीक मापाच्या नाहीत.

२६ ऑक्टोबर
सकाळी सव्वासातला एल्कचा नर दिसला. कुरणाच्या कडेला, एकटा, आडवा उभा, गवत खात. मेव्हिस कानाशी म्हणाली, "बस. टेकव. मार." मी अंतर मोजलं. एकशे अडुसष्ट. खात्रीसाठी पुन्हा मोजलं. एकशे अडुसष्ट. वाऱ्याची दिशा कळायला पूड उडवली. रायफलला टेकू देणाऱ्या काठ्या उघडल्या. त्यांचा तिसरा पाय अडकला. हातमोजा काढला. चष्म्यावर वाफ आली, ती पुसली. त्याने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, आणि घाई न करता झाडीत गेला.
मेव्हिस म्हणाली, "मोजून झाला?"
मी नैतिक कारणांसाठी गोळी झाडली नाही.

२७ ऑक्टोबर
बर्फ. काही नाही. घोड्यांवर जीन चढवताना मेव्हिस म्हणाली, "तुझा बाप चार गोळ्या, एक सुरी आणि पावाचे दोन तुकडे घेऊन यायचा. मला वाटलं, त्याने सांगितलं असेल." मी म्हटलं, सांगणार होते. मग बराच वेळ घोड्याच्या मानेकडे बघत राहिले. मौन दोन मिनिटांहून जास्तच झालं.

२८ ऑक्टोबर
घरी. नैतिक कारणाबद्दल बाबांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. विचारलं, "रायफलचा सेफ्टीचा खटका काढला होतास का?" मी म्हटलं, तिथवर पोचलेच नाही. मग सगळंच सांगितलं, काठ्यांच्या तिसऱ्या पायासकट.

२९ ऑक्टोबर
दुपारी शहरात जाऊन आले. सुपरमार्केटमधून. येऊन सगळं फ्रीझरमध्ये नीट रचलं, मोठं खाली, छोटं वर. निम्मासुद्धा भरला नाही.
संध्याकाळी कुबड्यांचा आवाज आला. बाबांनी झाकण उघडलं. आत प्लॅस्टिकमधल्या नऊ कोंबड्या. एक उचलून उलटसुलट पाहिली.
"शिंगं कुठे ठेवलीस?"
मी म्हटलं, "सगळ्या माद्या होत्या."