सव्वासहा ते साडेसहा

१९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. माझं अक्षर बघून तू हे पाकीट आधी बाजूला टाकशील आणि दोन तासांनी फोडशील, हे मला ठाऊक आहे. टाक. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी ऐनवेळी कच खाल्ली असती. कागद बरा. तो मध्येच बोलत नाही.

इकडचं म्हणशील तर स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतो आहे, जिन्यातला दिवा अजून कुणी बदललेला नाही, आणि मी कामावर जाते. आई गेल्यावर आठव्या दिवशीच गेले. आपल्या घरचं माणूस मेलं म्हणून लोकांचे दात पडायचे थांबत नाहीत. मालक म्हणाले, "घरी बसून तरी काय करणार?" हे त्यांचं सांत्वन. पण खरं सांगू, सात आठवड्यांत मला पटलेलं तेवढं एकच.

ज्याची कवळी केली, त्याच्या तोंडाचा प्लॅस्टरचा ठसा आम्ही फळीवर ठेवतो. कवळी तुटली की उपयोगी पडतो. माणूस गेल्याचं कळलं की ठसा फोडून टाकायचा, नाहीतर जागा पुरत नाही. आईचा ठसा तिसऱ्या फळीवर आहे. मालकांनी दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा मी "करते" म्हटलं आणि दुसरं काम ओढलं. नवी कवळी बसवली त्या दिवशी आरशात बघून ती म्हणाली होती, "दिसायला झक्क आहे गं, पण शिव्या घसरतात." ठशात तर नुसत्या हिरड्या आहेत.

परवा भावोजींचा फोन आला. तू जेवत नाहीस म्हणाले. ताटावर बसतेस, दोन घास चिवडतेस आणि उठतेस. कुणी काही विचारलं की "मी आईला मारलं" एवढंच म्हणतेस. भावोजी म्हणजे दगड, लग्नात हार घालतानासुद्धा हसले नव्हते, पण परवा रडवेले झाले होते. म्हणाले, "धाकटे, तू तरी सांग तिला काही. तू शेवटी आईंच्या जवळ होतीस."

जवळ होते. बारा पावलांवर.

तुला वाटत असेल मी इथे देवाच्या आधाराने उभी आहे. सगळ्यांना तसंच वाटतं. प्रार्थनामंडळाच्या बायका आळीपाळीने येतात, डबे आणतात, माझा हात हातात घेऊन बसतात. काय म्हणतात ऐक. "भाग्याचं मरण." "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." आणि सगळ्यात वरचं, "लेक देवापुढे बसलेली असताना आई गेली, याहून पुण्य ते कोणतं?" मी मान हलवते. दोन आठवड्यांपूर्वी मंडळ चालवणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला मंडळाच्या सभेत उभं केलं. श्रद्धेने दुःख कसं पेललं त्यावर चार शब्द बोल म्हणाल्या. मी चांगली वीस मिनिटं बोलले. बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या. घरी येऊन मी डब्यातलं सगळं खाल्लं, तेही चवीने. लाज कोळून प्यायले मी, ताई.

आता मुद्द्यावर येते. तू दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलीस. तुझी बॅग अजून हातातच होती. दारात शेजारीपाजारी, मंडळाच्या बायका, तुझ्याबरोबर आलेले भावोजी, सगळे उभे होते. तू विचारलंस, "कसं झालं गं?" आणि मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "तुझा फोन झाला आणि तासाभरात गेली."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पावणेसहाला तुझा फोन आला. आई जिना चढताना धापा टाकते, छाती दाखवून घे, हे तू त्या महिन्यात चौथ्यांदा सांगत होतीस आणि ती "देव बघून घेईल" म्हणत होती. तू ओरडलीस, "मग मर तिथेच देवाच्या पायाशी!" आणि फोन आपटलास. ते मी ऐकलं, कारण आईला कमी ऐकू यायचं म्हणून तिचा फोन कायम मोठ्या आवाजात असायचा. साडेसहाला ती गेलेली होती. सगळं खरं. फक्त मधला अर्धा तास मी गिळला आणि तुला उरलेलं वाढलं.

तो अर्धा तास आता लिहिते.

आपल्या घरचा नियम तुला सांगायला नको. सकाळी आई देवापुढे, संध्याकाळी सहा ते साडेसहा मी. एकीने देवापुढे, एकीने गॅसपुढे. आणि एकदा डोळे मिटले की घर पेटलं तरी उठायचं नाही. लहानपणी ती आपली परीक्षा घ्यायची, आठवतं? मुद्दाम पातेलं आपटायची, दार धाडकन लावायची, "अगं बाई, पडले!" म्हणून ओरडायची. डोळे उघडले की पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास. तू दर वेळी उघडायचीस. एकदा तर उठून धावत गेलीस आणि ती ओट्याशी उभी राहून हसत होती. तू रडलीस, चिडलीस, आणि पुढे कधीतरी बसायचंच सोडलंस. मी एकदाही उघडले नाहीत. आई पाहुण्यांना सांगायची, "थोरली माझ्यासारखी, धाकटी मात्र देवाची." त्या एका वाक्यावर मी आजवर जगले. ती खोड तिची शेवटपर्यंत गेली नव्हती. वर्षा-सहा महिन्यांतून एकदा अजून काहीतरी आपटायची आणि मग जेवताना म्हणायची, "पास."

त्या दिवशी शेजारच्या शाळेची सव्वासहाची घंटा झाली आणि लगेच स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. जड. त्यामागून पातेलं गडगडलं. मग आईचा आवाज आला, माझ्या नावाने, एकदाच.

ताई, मी हसले. डोळे मिटूनच हसले. मनात म्हटलं, म्हातारे, चाळिशी उलटली माझी, अजून परीक्षा घेतेस? आणि पाठ आणखी ताठ केली.

साडेसहाचा गजर झाला तेव्हा उठले. समोर नमस्कार केला. आसनाची घडी घातली, हेही लिहिते, कारण घडी घालायला वेळ लागतो. मग "झाले का पास?" असं विचारत स्वयंपाकघरात गेले. पुढचं तुला माहीत आहे.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी विचारलं, पडल्याला किती वेळ झाला? मी म्हटलं, आत्ताच, पाच मिनिटं. त्यांना खोटंच सांगितलं. नंतर आठवड्याने त्यांच्या दवाखान्यात गेले आणि दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं विचारलं, पंधरा मिनिटं आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कधी उपयोग होतो, कधी नाही." म्हणजे देवानेही मला निकाल दिला नाही आणि डॉक्टरांनीही नाही.

दारात तुझ्यावर का ढकललं, ते मी स्वतःला फार वेळा विचारलं. घाबरले होते, हे एक. पण तेवढंच असतं तर दुसऱ्या दिवशी तुला बाजूला घेऊन सांगितलं असतं. खरं कारण हलकं आहे. तुझ्या फोननंतर आई काय म्हणाली, ते मला तुला द्यायचं नव्हतं.

तू फोन आपटलास तेव्हा ती रागावली नाही. छातीवर हात दाबून बसली वगैरे, तुझ्या डोक्यात जे काही असेल ते काही झालं नाही. ती खो खो हसली. म्हणाली, "थोरली चिडली की अगदी माझ्यासारखी बोलते. मेली." मग म्हणाली, "ती काय चुकीचं सांगत नाही. शनिवारची वेळ घे गं डॉक्टरांची. तिला आत्ता कळवू नकोस, दाखवून आले की मीच सांगेन." मी घड्याळाकडे बघितलं. सहा वाजत होते. म्हटलं, "प्रार्थना झाल्यावर घेते."

इतकी वर्षं डोळे मिटून मी बसले, आणि तिने ऐकलं तुझं. ओरडून सांगणारीचं. याचा मला इतका राग आला की ती गेल्यावरही तो गेला नाही. तू जिंकली होतीस, ताई. तू तिला वाचवायला निघाली होतीस आणि ती निघायला तयार झाली होती. मी तुला सांगितलं की तू मारलंस.

प्रार्थना मी सोडलेली नाही. तुला हसू येईल किंवा संताप, पण रोज सहाला बसते. मागत काही नाही. तू मला असली आई दिलीस, तिने मला असली लेक केलं, आणि तू नुसता बघत बसलास, असं देवाला रोज सुनावते. पण हे सगळं आधीपासून माहीत असलेला दुसरा कुणी नव्हता, म्हणून त्याच्याकडेच जाते. डोळे मात्र आता मिटत नाहीत. खाली रस्त्यावर कुणाचं भांडं पडलं तरी उठून खिडकीशी जाते.

येत्या रविवारी सभेत पुन्हा उभी राहणार आहे. मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलंय, मागच्या वेळी थोडं राहून गेलं, ते बोलायचंय. त्या खूश झाल्या. दारात जे ऐकायला होते, त्यातले बहुतेक तिथे असतील. त्यानंतर डबे यायचे बंद होतील, ते बरंच होईल. भावोजींना मात्र हे पत्र तू स्वतः वाचायला दे. त्यांनी मला "जवळ होतीस" म्हटलंय, ते मला पेलवत नाही.

तू मला क्षमा कर असं लिहिणार नाही. तू करशीलही, तुझा स्वभाव आडदांड असला तरी मन लोण्याचं आहे, आणि ते मला आत्ता चालणार नाही. चीड माझ्यावर. फोन करून ओरड. पण आधी जेव. हा कागद हातात असतानाच उठ आणि जेव.

पत्राच्या शेवटी मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो. इतकी वर्षं मी तो आईच्या सांगण्यावरून लिहीत आले, कोण मोठं ते न बघता. आता मला मोठं म्हणावं असं तूच एक उरली आहेस.

नमस्कार.

धाकटी