हिराबाईच्या गाडीचा कार्बोरेटर

१२ नोव्हेंबर, मंगळ
सकाळी हिराबाई आल्या. टेम्पोत मागं चारचाकी बाईक. पाचगणीला टुरिस्ट लोकांना पठारावर फिरवतात तसली, टू-स्ट्रोक. त्यांचा भाऊ तिकडं कामाला आहे, मालकानं टाकून दिलेली त्यानं बहिणीसाठी मागून घेतली. दोन पावसाळे उघड्यावर होती म्हणे.

हिराबाईंची चाळीसेक मेंढरं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. आता उजव्या गुडघ्याची वाटी झिजली, माळावर मेंढरामागं चालवत नाही. म्हणून ही गाडी.

"चोक वडला की चालतीया, चोक सोडला की मरतीया. म्हसवडात कुणी हात लावंना. म्हनले, फौजेतल्या हवालदाराकडं न्या."

हो म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. गेल्या वर्षी दिवाळीला गॅरेज बंद केलं तेव्हा सगळ्यांना कंबर सांगितली. कंबर ठणठणीत आहे. उजवा हात थरथरतो. हे या वहीशिवाय कुणाला ठाऊक नाही.

१३ नोव्हेंबर, बुध
शालन बहिणीकडं गेली. बायकोसमोर हात लपवावा लागतो, म्हणून आजच काम काढलं. टाकीतलं पेट्रोल चहासारखं, वास आंबूस. काढून टाकलं. कार्बोरेटर उतरवला. खालच्या वाटीचे चार स्क्रू निघाले. वाटीत पिवळा चिकट थर. रोग कळला. स्लो जेट तुंबलाय. चोक न लावता गाडी ज्या बारीक भोकातून पेट्रोल पिते तेच बंद. सव्वीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात हेच केलं, डोळे झाकून सांगेन.

पण जेट काढता येईना. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. बसला तर सटकतो. वरची सुई काढताना तिची क्लिप उडाली, तांदळाच्या कणीएवढी. तासभर अंगणात गुडघ्यांवर. सापडली.

शेवटी जेट तसाच ठेवून वरून क्लीनर मारला आणि बंद केलं. किक. चोक सोडला, मेली. मरणारच.

१५ नोव्हेंबर, शुक्र
हिराबाई विचारायला आल्या. आज जे केलं ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

म्हणालो, "कार्बोरेटरच गेलाय. असला आता मिळायचा न्हाई."

त्या कट्ट्यावर बसल्या. बराच वेळ गाडीकडं बघत होत्या. "मग सोमवारी दिराला सांगते. त्यो व्यापारी घेऊन येनारच हाय. मेंढरं इकून टाकू म्हनतोय कवापासनं." पदर सावरून उठल्या. जाताना मलाच म्हणतात, "तुमाला तरास दिला."

अडवलं नाही. गेल्या.

१६ नोव्हेंबर, शनि
जेवण गेलं नाही. शालननं दोनदा विचारलं, काय होतंय. काय नाही म्हणालो.

दुपारी चालत हिराबाईंच्या वाघरीवर गेलो. मेंढरं वाघरीच्या जाळ्याच्या कुंपणात बसलेली. त्या एका कोकराचा पाय मांडीवर घेऊन खुरातला काटा काढत होत्या. बाभळीच्याच काट्यानं. कोकरू धडपडत होतं, त्यांची बोटं जरासुद्धा हलत नव्हती.

उभ्या उभ्याच सांगितलं. "कार्बोरेटर चांगला हाय. माझा हात बिघडलाय." हात पुढं धरला. नेहमीसारखाच हालत होता.

त्यांनी काटा काढला, जखमेला हळद लावली, कोकरू सोडलं. मग हाताकडं बघितलं.

"मग काल असं का न्हाई म्हनला?"

मी हात खिशात घातला.

"म्या रातभर एकेका मेंढराचं त्वांड बघत बसले, हवालदार."

हे ऐकून घेतलं. ऐकायलाच पाहिजे होतं. निघालो तर मागून आवाज, "उद्या सकाळी येते. तुमी सांगा, म्या करते. तेवढं जमंल का तुमाला?"

१७ नोव्हेंबर, रवि
आल्या. लंगडत, पण सातच्या ठोक्याला. शालनला वाटलं गिऱ्हाईक बसून बघतंय. चहा ठेवून आत गेली.

मी स्टुलावर, हात मांडीखाली. त्या खाली पोत्यावर. एकेक सांगत गेलो. नव्या जवानांना शिकवायचो तसं, आधी नाव, मग काम, मग हात. त्या प्रत्येक भोकाला विचारतात, "ह्ये कशाला?" जवान कधी विचारत नसत.

जेट एका दमात काढला. ब्रशचा ताठ केस घालून साफ केला. तारेनं करू नका म्हणालो, भोक मोठं होतं. मग म्हटलं उन्हाकडं धरा, काय दिसतं?

"काय न्हाई."

परत केस, परत क्लीनर.

"दिसलं! आवं, सुईच्या नेढ्यातनं बघावं तसा उजेड!"

ताजं पेट्रोल, त्यात मापानं टू-टी ऑइल, टू-स्ट्रोकला ते पेट्रोलातच मिसळतात. जोडलं. तिसऱ्या किकला चालू. चोक सोडला, चालूच! हिराबाई हसल्या, पुढचा एक दात नाही.

दहा मिनिटं चालली. मग रेस आपोआप चढायला लागली. मूठ सोडली तरी उतरेना, नुसती किंचाळते. "बंद करा!" ओरडलो. त्यांनी किल्ली फिरवली. प्लग काढायला लावला. पांढराफटक.

हा कार्बोरेटर नव्हे. कुठून तरी जादा हवा ओढतेय. अशीच चालवली तर पिस्टन जाईल. त्यांना म्हणालो, उद्या व्यापाऱ्याला परत पाठवा. म्हणालो खरा, पण दोष अजून सापडलेला नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळ
व्यापारी काल आला होता. दीर पुष्कळ बोलला. हिराबाईंनी त्याला चहा पाजला आणि म्हणाल्या, "मेंढरं माजी हायत, गुडगा बी माजा हाय."

आज हवेची गळती शोधली. गाडी हळू चालू ठेवून त्या क्लीनरची बारीक फवारणी करत गेल्या, इंजिन गार असतानाच, सायलेन्सरपासून लांब. कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबराच्या खालच्या बाजूला फवारा गेला आणि आवाज पडला. तिथंच. वरून रबर धड दिसतं. पट्टीच्या आड, खाली, चीर. त्यांनी नखानं चाचपून सांगितली, "करंगळीच्या पेराएवढी."

तापलं की चीर आणखी फाकते. म्हणून दहा मिनिटांनी. मला कळायला हवं होतं, पण मी पहिल्या दिवसापासून कार्बोरेटरच धरून बसलो.

२२ नोव्हेंबर, शुक्र
रबर शोधायला सांगलीला. शालन पण आली, भाचीकडं जायचं म्हणाली. जुन्या स्पेअरच्या तिसऱ्या दुकानात एका बंद पडलेल्या मोपेडचं रबर मिळालं, मापाला जवळपास.

स्टँडवर चहा घेतला. कप डाव्या हातात घ्यायचं विसरलो. अर्धा सदऱ्यावर. म्हणालो, धक्का लागला कुणाचा तरी.

शालन पदरानं पुसत म्हणाली, "कुनाचा? बाकड्यावर आपन दोघंच हाय."

मी कप खाली ठेवला.

"आवं, दीड वर्ष झालं तुमची बटनं मी लावतीय. तुमी एकदा तरी इचारलंत, का लावतीस म्हनून? मी वाट बघत हुते तुमी सांगाल म्हनून. आनि सांगितलं कुनाला, तर हिराबाईला."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. तिला वाटलं मला ठावं असंल."

बस आली. खिडकीजवळ ती बसली. विट्यापर्यंत बाहेरच बघत होती. मग माझा उजवा हात तिनं मांडीवर घेतला आणि वर पिशवी ठेवली, लोकांना दिसू नये अशी. तशीच बसली.

२४ नोव्हेंबर, रवि
रबर बसलं. हिराबाईंनी बसवलं, पट्टी आवळली. फवारून बघितलं, आवाज जागचा हलला नाही. अर्धा तास चालली. रेस चढते, मूठ सोडली की उतरते.

माळावर नेली. मेंढरं आधी उधळली, पार ओढ्यापलीकडं. हिराबाईंनी गाडी बंद करून नेहमीची हाळी दिली तशी परत आली, गाडीचा वास घेत उभी राहिली. कोकरं चाकं चाटतात.

चढाला दम खातेय. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली, पेट्रोल जरा वाढलं. त्यांनीच सरकवली, न विचारता बरोबर केली.

शालन भाकरी घेऊन आली होती. दोघी लांब बसून बोलत होत्या. माझ्याबद्दलच असणार. परत आल्यावर हिराबाई म्हणाल्या, "साताऱ्याला डाक्टरकडं कवा जानार?" नंबर लावून झालाय, असं शालन म्हणाली.

५ डिसेंबर, गुरु
सातारा. दवाखान्यात बाकावर दोन तास. हिराबाईंचा फोन आला. नुसता वारा आणि मेंढरं.

"टेकडावर बंद पडलीया!"

"प्लग काढा. कसा हाय?"

"काळा. वला."

"घाबरू नका, पेट्रोल जास्त झालंय. टाकीखालची पेट्रोलची तोटी बंद करा. प्लग पुसून लावा. मूठ पुरी वडून किक मारा. लागली की तोटी..."

कट झाला. पुन्हा लावला, रेंज नाही. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

डॉक्टर बाई तरुण, मुलीच्या वयाची. कागदावर गोल गोल काढायला लावलं. काढलं ते गोगलगाय चिरडल्यासारखं. बोटं आपटायला सांगितली, चालवलं, वळवलं. मग लिहिता लिहिता विचारलं, "कधीपासून होतंय, काका?"

'दोन-तीन महिने' असं घरून ठरवून आलो होतो. शालन शेजारी, माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत होती.

"दोन वर्षं होतील," म्हणालो. "आधी करंगळी. मग सगळा."

शालननं एकदम वळून बघितलं. तिला दीडच माहीत होतं.

डॉक्टर म्हणाल्या, दोन शक्यता आहेत, साधा कंप किंवा कंपवात; औषध घेऊन सहा आठवड्यांनी या, हात काय उत्तर देतो त्यावर कळेल. गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एक, जेवणाआधी.

घरी आल्यापासून हिराबाईंना चार वेळा फोन लावला. लागत नाही. टेकडावर रेंज नसते तशीही. शालन म्हणते, आली असेल घरी. मी वही घेऊन दारात उभा आहे, माळाकडून गाडीचा आवाज येतो का ऐकत.