वकिलातीची पायरी

३ मार्च
धाकटी खोटं बोलतेय. म्हणाली, दाताच्या डॉक्टरकडे चाललेय. दाढ ठणकणारी बाई आरशासमोर अर्धा तास घालवते?

४ मार्च
दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासल्या. चित्त थाऱ्यावर नाही — एक तडकली. मालक म्हणाले, "राजेसाहेब, कुठल्या मोहिमेवर आहात?" त्यांच्या लेखी ते माझं टोपणनाव! बावन्न वर्षांपूर्वी बाबांना गादीवरून ओढलं, आम्हाला देशाबाहेर काढलं, आणि त्या गादीचा वारस त्यांच्याकडे काचा घासतो — हे त्यांच्या स्वप्नातही नाही. या शहरात तिघांनाच ठाऊक आहे: मी, माझी धाकटी बहीण आणि बाबांचे जुने कारभारीकाका.
तिघांतलं एक फुटलं असेल तर?

७ मार्च
पाठलाग केला. सख्ख्या बहिणीचा, या वयात! ती पूल ओलांडून सरळ वकिलातीत शिरली. आमच्याच देशाच्या. ज्यांनी बाबांना हाकललं त्यांच्या दारात! पहारेकरी तिच्याकडे बघून ओळखीचं हसला. म्हणजे पहिली खेप नव्हे.

८ मार्च
विचारलंच. ती भांडी विसळत होती. मागे न वळता म्हणाली, "हो, जाते. मला परत जायचंय, दादा. मरायच्या आधी एकदा तरी. गादीवरचा हक्क सोडला असं लिहून दिलं की परवाना मिळतो."
"आणि दिलंस लिहून?"
"गरजच पडली नाही."
"म्हणजे?"
"तू स्वतः जाऊन बघ. मी सांगितलं तर तुला खरं वाटायचं नाही."
सापळा! मला तिथे नेऊन सही घ्यायची आहे. घरचाच भेदी.

९ मार्च
जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

१२ मार्च
कारभारीकाका आले. ऐंशी ओलांडली, तरी बसायच्या आधी वाकतात. मला 'महाराज' म्हणणारा जगात उरलेला एकच माणूस. सगळं सांगितलं. वाटलं, धाकटीवर भडकतील. उलट चेहरा पांढराफटक!
"महाराज, वकिलातीची पायरी चढू नका."
"का?"
"थोरल्या महाराजांना शब्द दिलाय मी. विचारू नका."
चहा अर्धा टाकून उठले. जिना उतरताना दोनदा थांबले.
पाणी मुरतंय कुठेतरी. बाबा गेले तेव्हा यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडलो होतो. आणि आता यांच्यावरही संशय! माझी मलाच किळस आली. पण संशय काही गेला नाही.

१४ मार्च
मालकांकडून उद्याची सुट्टी घेतली. धाकटीला सांगितलं नाही. तरी तिने माझा चांगला सदरा इस्त्री करून ठेवलाय!

१५ मार्च
गेलो. कारकून बाईंनी एक जुनी फाइल पुढे सरकवली आणि खिडकीकडे बघत बसल्या. आम्ही हद्द ओलांडली त्या दिवसाची तारीख. बाबांनी स्वतःचा आणि पुढच्या साऱ्या पिढ्यांचा हक्क सोडलाय. सही त्यांचीच. साक्षीदार कारभारीकाका.
सहीच्या वर एक ओळ टंकलेली: 'मोबदल्यात कैदेतून सुपूर्द — मुलगा, वय सात. मुलगी, वय चार.'