टेलवर पाणी होतं

अहो रेवतीचे बाबा,

गोंदियाच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून लिहून राहिली तुम्हाला. नर्सबाईकडून दोन कोरे कागद मागून घेतले. घाबरू नका, मला काही झालं नाही. आत होमू भाऊजी आहेत, तुमचा लाडका धाकटा भाऊ. सकाळी कामठ्याच्या घरी चहा पिता पिता म्हणाले, डाव्या हातात कळ येऊन राहिली. कपाळावर घाम. आणि वर काय म्हणतात माहीत आहे? "नहरीले पाणी आला हाये, वयनी. आपली बारी होऊ दे, मंग जाऊ दवाखान्यात."

शब्द न् शब्द तुमचेच! मी आधी उठून मागच्या दाराला कुलूप घातलं, मग शेजारच्या गाडीवाल्याला हाक मारली. माझी जाऊ मंदा रडत होती, भाऊजी ओरडत होते, मी कोणाचंच ऐकलं नाही. आता डॉक्टर तपासून राहिले आहेत. बाहेर बसून तुमच्याशी भांडावंसं वाटलं. दुसऱ्या कोणाशी भांडू?

आणि एक सांगायचं राहूनच गेलं आहे. मी जाऊन आली हो! फ्रान्सला! तुमच्या त्या नहरीवर, सायकलनं!

आठवते का, रेवतीचं लग्न झालं आणि घर एकदम रिकामं झालं, तेव्हा तुम्ही दोन सायकली घेऊन आलात? बारीक टायरच्या, वाकलेल्या हँडलच्या. मी म्हटलं, हे काय खूळ! खताच्या दुकानाचा शेठ आणि चड्डी घालून सायकलवर! पण लहानपणी तिरोड्याला शाळेत मी सायकलनंच जात होती, ते तुम्ही विसरला नव्हता. आठ दिवसांत वाटेवरच्या फुलचूरच्या बायांना सवय झाली आपल्याला पाहायची. सकाळी निघायचं, टपरीवर चहा प्यायचा, परत येऊन तुम्ही दुकान उघडायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आपण पहिल्यांदा बाजूबाजूनं चालू लागलो होतो, नाही तर जन्मभर तुम्ही पुढं आणि मी मागं.

मग तुमच्या मोबाइलवर ती फ्रान्सची नहर आली. दोन्ही काठांवर उंच झाडं, मधून हिरवं पाणी, बाजूला नजर पोचत नाही तिथवर द्राक्षांचे बगीचे, आणि त्यातून गोरे म्हातारे-म्हाताऱ्या सायकलवर मजेत जाऊन राहिलेत. जेवताना पाहायचे, दुकानात पाहायचे. मला भाजीची कढई सोडून बोलवायचे. "पाह्य कुंता, काठोकाठ भरली हाये नहर! अना लागूनच बगीचे. तिकडच्या टेलवरही पाणी भेटत असन."

टेल! तुमच्या तोंडात सदा तोच शब्द. आपली धानाची बांधी नहर संपते तिथं, अगदी शेवटी. वर पाणी सुटलं की आधी वरच्यांची बारी, मग मधल्यांची, आणि आपल्यापर्यंत येता येता चिखल. दुकान चांगलं चालत होतं, ती शेती नसती केली तरी काही अडत नव्हतं. पण बापाची जमीन, पडीत कशी ठेवायची! दर रोवण्याला, धानाची रोपं लावायच्या दिवसांत, तुम्ही आणि भाऊजी बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून पाण्याची वाट पाहायचे. म्हणूनच ती नहर पाहायची होती तुम्हाला. उगमापासून सायकल काढायची आणि थेट टेलवर जाऊन थांबायचं. "टेलवरच्या मानसाले पाणी भेटते, असा एक तरी देश पाह्यला पाह्यजे," म्हणायचे. मला तेव्हा हसू यायचं.

पासपोर्ट झाले. रेवती पुण्याहून सारखी विचारायची, बाबा, कधी काढू तिकीट? तुमचं एकच, रोवणा होऊ दे. रोवणा झाला की निंदण, मग कापणी, मग धान मळायचा चुरणा, मग दुकानाचा सीझन. परत रोवणा. काऊन हो? तुम्ही नसता तर धान उगवला नसता का? मी किती वेळा म्हटलं, भाऊजी पाहतील सगळं. तुम्ही हो म्हणायचे आणि सायकलच्या चेनीला तेल घालत बसायचे. जायचंच नव्हतं तर ते तेल कायले घालत होता?

मागच्या रोवण्याला तर हद्दच केली. छातीत भरून आल्यासारखं होते म्हणालात, ओवा चावला. मी म्हटलं, उठा, गोंदियाला जाऊ. तुम्ही म्हणालात, बारी होऊ दे, मंग जाऊ. मी भांडली. शेवटी तुम्ही मान हलवली आणि मला म्हणालात, जा, लुगडं बदलून ये. मी बदलून आली तर घरात कोणी नाही! मागच्या दारानं निघून गेलात, बांधीवर. मी फाटकापर्यंत धावली, हाका मारल्या. त्यानंतर भाऊजींनी तुम्हाला ट्रॅक्टरवर घालून आणलं ते मी पाहिलं, आणि त्यावर मला अजून लिहिता येत नाही. त्या दिवशी आपल्या बांधीत पाणी चढलं म्हणे. सगळ्यांनी सांगितलं मला, जणू त्यानं मला बरं वाटणार होतं.

रेवतीनंच हट्ट धरला. म्हणाली, आई, मिरग लागायच्या आधी जाऊन येऊ. तुमच्या मोठ्या बहिणीनं तोंड फिरवलं. "वरीस नाई झाला अना हे सायकल चालवाले चालली!" मी म्हटलं, अक्का, तुमच्या भावाचंच राहिलेलं काम करून राहिली. त्या स्टेशनवर आल्या नाहीत.

तिथं सायकली भाड्यानं मिळतात. दुकानदारानं माझ्या पायांकडं पाहिलं, साडी नव्हती, रेवतीनं ढगळ पँट घालायला लावली होती, आणि सीट खाली करून दिली. पहिल्या दिवशी मी नुसती वर पाहत राहिली. केवढी झाडं हो! दोन्हीकडून वाकून एकमेकांना भेटलेली, खाली सावलीच सावली. मुळं वर आलेली, त्यावरून चाक गेलं की दात वाजायचे. काठाचा रस्ता खराब झाला की आम्ही बगीच्यांतल्या बारीक डांबरी रस्त्यांवर वळायचो. चढ, उतार, मग एकदम एक गाव, गावात एक चर्च आणि बंद खिडक्या. दुपारी तिथं माणूस दिसत नाही. आपल्या कामठ्यात दुपारी निदान कुत्रे तरी भुंकतात!

मध्येमध्ये नहरीला मोठी लाकडी गेटं आहेत. मला वाटलं, आता पाणी सोडतील, बगीच्यात जाईल. उतरून पाहत उभी राहिली. गेट उघडलं, पाणी धबाधबा आलं, आणि काय, तर एक नाव वरून खाली गेली! नावेत दोन माणसं, हातात शरबताचे ग्लास. एका नावेसाठी एवढं पाणी! आपल्याकडं डोकी फुटली असती. मी सवयीनं बाजूला वळली, तुम्हाला सांगायला. तिथं रेवती फोटो काढत होती.

आणि आता खरी गंमत ऐका. एका बगीच्यात एक म्हातारी वेलींचे शेंडे तारेला बांधत होती. अजून द्राक्षं कुठली, नुसता फुलोरा. जमीन पाहिली तर गोटेच गोटे, भेगा पडलेल्या. मला राहवेना. रेवतीला म्हटलं, विचार तिला, तुझी बारी कधी येते? नहर तर समोरच भरलेली आहे. रेवतीनं कशीबशी इंग्रजीत विचारलं. म्हातारीला आधी समजेचना. मग हसायला लागली. म्हणाली, हे पाणी नावांचं आहे, आमच्या वेली त्यावर नाहीत जगत. वेल आपलं पाणी आपण खाली जाऊन शोधते, जास्त पाणी दिलं तर उलट द्राक्ष फिकं होतं.

ऐकलं का? त्या बगीच्यांना नहरीचं पाणी जातच नव्हतं! इतकी वर्षं मोबाइलवर पाहून पाहून तुम्ही हेवा केला तो कशाचा? मी मोठ्यानं हसली. तुम्ही असता तर कपाळावर हात मारून घेतला असता, मग म्हणाला असता, "मंग नहर खोदली कायले येड्यायनं!" हसता हसता मला रडू कोसळलं. म्हातारी बिचारी घाबरली, घरातून पाणी घेऊन आली. रेवती तिला काय सांगणार? की आमच्या माणसाला एवढं साधं कोणी सांगितलंच नाही?

शेवटच्या दिवशी वारा सुटला, समोरून. काय वारा तो, पायडल मारलं तरी सायकल जागची हलेना. झाडं संपली होती, आडोसा काही नाही. एका वळणावर मी आडवी झाली, गुडघा सोलला. रेवती म्हणाली, आई, पुरे, गाडी करू. मी म्हटलं, तू कर. मला रागच आला होता, वाऱ्याचा नाही, तुमचा. अशा वाऱ्यात पुढं चालून मागच्याला आडोसा द्यायचं तुम्हीच शिकवलं होतं, तिरोड्याच्या रस्त्यावर. आता पुढं कोण होतं? शिव्या घालत घालत चालवत राहिली. तुम्हालाच घातल्या. ऐकू आल्या असतील तर बरं झालं.

आणि मग नहर संपली. एक मोठा खारा तलाव, त्यापलीकडं समुद्र, आणि टोकाला नावांसाठी दिव्याचा एक छोटासा मनोरा. मी सायकल आडवी टाकली आणि काठावर जाऊन बसली. टेलवर पाणी होतं हो. काठोकाठ. तसंच पडून होतं, कोणालाच नको होतं. धुऱ्यावर कोणी वाट पाहत बसलेलं नव्हतं. रेवतीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण मला तिचा हात नको होता त्या वेळी. तुमचा पाहिजे होता. तुम्ही एकदा, एकाच रोवण्याला पाठ फिरवली असती, तर आपण दोघं तिथं बसलो असतो. यापेक्षा जास्त मी काय मागितलं होतं?

थांबा, डॉक्टर आले होते.

एक नस बंद झाली आहे म्हणाले. आजच उघडणार. वेळेवर आणलं म्हणाले. मंदा तिथंच जमिनीवर बसली. मला आत सोडलं घडीभर. भाऊजींनी माझ्याकडं पाहिलंच नाही, भिंतीकडं तोंड करून पडले होते. म्हणाले, "वरच्यायनं आपली बारी घेतली असन. धान गेला ना वयनी! तुमी कायले आणला मले?" मी म्हटलं, जाऊ द्या धान. तर म्हणतात, मी तुमाशी बोलनार नाई.

बाहेर येऊन मी तोंडाला पदर लावला. मंदाला वाटलं रडून राहिली. मला हसू आवरत नव्हतं. त्या दिवशी तुम्हाला ओढून आणलं असतं तर तुम्हीही असेच भिंतीकडं तोंड करून पडला असता. महिनाभर अबोला धरला असता. जेवणाचं ताट सरकवून दिलं असतं. किती छान झालं असतं!

तेव्हा हे वचन घ्या. भाऊजी बरे होऊन घरी येतील, माझ्यावर जिंदगीभर रागावतील, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतील की वयनीनं धान घालवला. मी एका शब्दानं उत्तर देणार नाही. गरम पोळी वाढीन आणि त्यांचा राग ऐकत बसीन. रागवायला माणूस घरात पाहिजे.

तुमची,
कुंता