वरच्या मजल्यावरचं घर आणि नेट्टा

मी, युफिमिया ऊर्फ एफी गोवन्स, कै. डॉड गोवन्स यांची बायको, वय एक्याऐंशी, राहणार मिलब्रे गल्ली, पहिला मजला, डंडी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. पायांबद्दल मी काही लिहून देत नाही. डॉक्टरीणबाई "वसंतापर्यंत बघू" म्हणाल्या आणि म्हणताना खिडकीबाहेर बघत राहिल्या, तेव्हाच मी काय ते समजले. म्हणून हे मृत्युपत्र. यात कोणाचा धाक नाही, कोणाची भीड नाही. याआधी एकच केलं होतं, त्यात सगळं डॉडला दिलं होतं. तो माझ्याआधी निघून गेला, तेव्हा ते रद्द धरावं.

वकील मिस पुलर म्हणाल्या, "आजी, थोडक्यात लिहा हं." मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून तागाच्या गिरणीत लागले. थोडक्यात लिहायला शिकलेली माणसं लागतात. माझं शुद्धलेखन त्यांनी सुधारावं, म्हणणं सुधारू नये.

कलम पहिले. मला जाळावं. रडायला आलेल्यांना गरमागरम ब्रिडी, म्हणजे खिमा भरलेल्या मोठ्या करंज्या, द्याव्यात, साध्याही आणि कांद्याच्याही. पाद्रीबाबांना कांद्याची देऊ नये, ते बोलताना फार जवळ येतात.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक आणि मी राहते ते पहिल्या मजल्यावरचं घर माझा मुलगा कॅलम याला. त्यानं ते खुशाल विकावं. तो वाईट नाही. पण बापासारखा चहा ठेवून वाट बघणारा नाही. आमच्या डंडीत बायका गिरणीत जायच्या आणि नवरे घरी किटली उकळायचे, लोक हसायचे. हसोत बापडे. भोंगा झाला की डॉड पेला हातात घेऊन दारात उभा असायचा. त्या पेल्याची ऊब मला आता फार आठवते.

कलम तिसरे. डॉडची हत्यारं, म्हणजे पाने, करवती, पाइप कापायचं यंत्र आणि ज्याचं नाव कोणालाच माहीत नाही ते वाकडं हत्यार, माझी नात रोना हिला. रोना नळकाम करते! पहिल्यांदा माझ्या बेसिनखाली घुसली आणि आतून ओरडली, "आजी, हे कोणत्या गाढवानं बसवलंय गं?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबानं." तर म्हणते, "मग गाढव हुशार होतं, चाळीस वर्षं टिकलंय." मी इतकी हसले की दाताची कवळी हातात आली. सगळ्या जन्मात माझं कौतुकाचं धन एवढंच, आणि ते बेसिनखालून बाहेर येतं.

कलम चौथे. मधल्या मजल्यावरचं घर, ज्यात कॉलेजची पोरं राहतात, तेही रोनाला. त्यासोबत चार शब्द, ते घराइतकेच तिचे.

रोना, भिंतीवर ओल दिसली तर रंग मारू नकोस. ओल रंगाला भीत नाही. घर रिकामं पडलं तर घाबरून पहिल्या आलेल्याला देऊ नकोस. मी एकदा दिलं, तो रात्रंदिवस ढोल वाजवायचा आणि म्हणायचा, साधना आहे. पडदे बदलण्याआधी छपरासाठी पैसे बाजूला टाक. एक घर गहाण टाकून दुसरं घेऊ नकोस. कॅलम मला दर नाताळात हेच करायला सांगायचा आणि मी बहिरी व्हायचे. एकाच जिन्यात, म्हणजे एकाच इमारतीत, तीन घरं घेऊ नयेत, कारण छप्पर गळलं की तिघांचं एकदमच गळतं. आणि भाडेकरूला जेवायला घालावं, पण त्याचं भांडण आपल्या स्वयंपाकघरात घेऊ नये.

कलम पाचवे. तळमजल्यावरचे दुकानदार गेडिस यांना माझी पत्र्याची बादली. छप्पर सगळ्या जिन्याचं, दुरुस्तीचा वाटा सगळ्यांचा, असं खरेदीखतात लिहिलेलं असताना हे गृहस्थ दर सभेत म्हणत, "पाणी वर पडतं, माझं दुकान कोरडं आहे." बादली वरच्या मजल्यावर अकरा हिवाळे भरली. आता त्यांनी ती दुकानात ठेवावी आणि तिच्याकडे बघावं.

कलम सहावे. वरच्या मजल्यावरचं घर.

हे कलम मी तीनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. ते घर कसं माझं झालं हे कळल्याशिवाय ते कोणाला देते हे कळायचं नाही.

वर नेट्टा फेअरवेदर राहते. गिरणीत तिचा माग माझ्या शेजारी होता. मागांच्या गोंगाटात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही ओठांनी बोलायचो. अजूनही रस्त्याच्या पलीकडून तिनं शिवी दिली तर मला कळते. आमच्या जिन्यात दार वाजवणारे तिघंच: भाडेवाला, पाद्री आणि पोलीस. बाकी सगळ्यांनी दार ढकलायचं, हाक मारायची आणि सरळ किटलीकडे जायचं. नेट्टा तर हाकही मारायची नाही.

चौऱ्याऐंशी साली जुन्या मालकानं जिन्यातली घरं विकायला काढली. राहणाऱ्याला आधी, स्वस्तात. आम्ही आमचं घेतलं. नेट्टाचा नवरा वॉटी याची गोदीतली नोकरी नुकतीच सुटली होती, तो म्हणाला, "कर्ज अंगावर नको." मग एक परका माणूस फीत घेऊन आला आणि नेट्टाच्या पलंगाभोवती मापं घेऊ लागला. मी त्या दुपारीच डॉडला म्हटलं, हे घर आपण घ्यायचं. नेट्टाला म्हटलं, "मी घेते, म्हणजे तुला कोणी काढणार नाही. काही बदलायचं नाही."

पुढच्या शुक्रवारी दार वाजलं. डॉड म्हणाला, "कोण मेलं?"

दारात नेट्टा. हातात पाकीट. मी म्हटलं, "अगं, आत ये की! वाजवतेस काय?"

"नको. भाडं द्यायला आलेय."

वॉटी जिन्यात भेटला की टोपी काढून "मालकीणबाई" म्हणायचा. गंमत म्हणून. पहिल्या वर्षी मीही हसले. नंतर गंमत गेली, टोपी काढणं तेवढं उरलं. मी भाडं कधी वाढवलं नाही, तर नेट्टानं स्वतःच वाढवून आणलं, "बाजारात एवढं आहे" म्हणून. वॉटी गेला तेव्हा मी वर गेले आणि माझाही हात दार वाजवायला उठला. तो कसा उठला मला माहीत नाही. आतून ती म्हणाली, "उघडंच आहे." आम्ही दोघी पलंगाच्या दोन टोकांना बसलो, परक्या बायकांसारख्या.

रोना, मैत्रिणीला भाडेकरू करू नकोस. परक्याला भाडेकरू केलं तर कधीकधी मैत्रीण मिळते. उलटं होत नाही.

आता कॅलमचं म्हणणं असं की, "आई, रिकामं घर चढ्या भावानं जातं. नोटीस द्यायची, म्हातारीला सरकारी घर मिळेल." तो हे मला सांगून थांबणारा नाही. म्हणून ऑक्टोबरात, एका उन्हाच्या दिवशी, मी मागच्या गॅलरीत गेले. तिला आम्ही प्लेटी म्हणतो. कपडे तिथेच वाळतात आणि भांडणंही. नेट्टा वरच्या प्लेटीवर चादर वाळत घालत होती.

मी ओरडले, "नेट्टा! वरचं घर तुझ्या नावावर करतेय!"

"का गं? परत गळायला लागलं काय?"

"थट्टा नको. मी गेल्यावर कॅलम तुला काढेल."

"कॅलम? त्याचं ढुंगण धुतलंय मी!"

"म्हणूनच काढेल. ते कोणाला आठवायला आवडतं?"

ती हसली. तिनं चादरीला दोन चिमटे लावले. मग खाली वाकून, फारसं न ओरडता म्हणाली, "एकदा मला भाडेकरू केलंस. आता मालकीण करतेस. त्याआधी मी तुझी जी होते, तिला कुठे ठेवलंस एफी?"

मधल्या प्लेटीवर कॉलेजची पोरं कॉफी पीत होती, ती हळूच आत गेली. चादरीचं पाणी माझ्या कपाळावर पडत होतं आणि मला बाजूला व्हावंसं वाटेना.

मग मी सहावं कलम पुन्हा लिहिलं: घर रोनाला, पण नेट्टा जिवंत असेपर्यंत तिला तिथे राहू द्यावं, भाडं घेऊ नये, विकू नये. मिस पुलर म्हणाल्या, हे पक्कं होईल, कोणी हलवू शकणार नाही. मला बरं वाटलं. नेट्टालाही नाही म्हणता येणार नाही असं मला वाटलं.

आज सहीसाठी मिस पुलर घरी आल्या आहेत. मी नेट्टाला निरोप धाडला, तिनं निदान ऐकावं म्हणून. ती खाली आली, शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "साक्षीदार कोण?"

मिस पुलर म्हणाल्या, "एक माझा मदतनीस आहे. दुसरं कोणीही चालेल. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळतं ते मात्र नकोत. उद्या कोणी बोट दाखवेल."

"मग मी होते."

"तुम्हाला नाही होता येणार. सहाव्या कलमात तुमचा हक्क आहे."

"काढा तो."

मी म्हटलं, "वेडी आहेस का गं? कागद नसेल तर तुझ्या हातात काय राहील?"

"चाळीस वर्षं आपल्यात कागदच होता," ती म्हणाली. "त्यानं काय केलं ते बघितलंस. मला तुझ्याकडून काही मिळायला नको. तू जाताना मला नुसतं तुझ्या बाजूला बसायचंय."

मिस पुलर चष्मा पुसत होत्या. मी खूप भांडले. गिरणीत भांडायचे तशी, नुसत्या ओठांनी. तिनंही तसंच उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही.

तेव्हा सहावं कलम असं: वरच्या मजल्यावरचं घर माझी नात रोना हिला. अट कोणतीही नाही.

रोना, अट लिहिता आली नाही. कायद्यानं तू मोकळी आहेस आणि तुझा बाप तुला तेच सांगेल, आकडे मांडून सांगेल. मी तुला बांधून ठेवलेलं नाही. वर एक म्हातारी राहते, एवढंच मी तुला सांगून जाते.

हे सर्व मी स्वतःच्या हातानं लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि खाली सही केली ती नेट्टा माझ्या बाजूला बसलेली असताना.

सही: एफी गोवन्स

साक्षीदार: ड्युगल्ड इम्री, वकिलांचे मदतनीस

साक्षीदार: नेट्टा फेअरवेदर. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही.

ठिकाण: मिलब्रे गल्ली, डंडी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२३